पोहे पडायला हवेत, पीठ नाही

"जरा मेकॅनिकला बोलवा ना."

"बोला, काय झालंय मशीनला?"

"तुम्हाला नाही हो मॅडम. मेकॅनिक. मशीन खोलनेवाला."

"मीच खोलते."

मग समोरचा माणूस माझ्याकडे, माझ्या मागच्या टेबलाकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघायचा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामागच्या एका दुकानात मी बावीस वर्षं विजेवर चालणारी हत्यारं दुरुस्त केली. हा संवाद तेवढ्या काळात किती वेळा झाला ते विचारू नका. शेवटी मी एक काम केलं. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलाच्या वर लावलं, इतर दुकानांत जिथे देवाचा फोटो असतो तिथे. फिजिक्स, सेकंड क्लास. गिऱ्हाईक विचारायचं, "हे लायसन आहे का?" मी म्हणायचे, "हो." ते काही खोटं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या लेखी ते लायसनच होतं.

माझे बाबा अंबरनाथला लाकडाच्या वखारीत गोल करवतीवर कामाला होते. त्यांच्या डाव्या हाताला अंगठा धरून तीन बोटं होती. "बाकीची दोन वखारीत राहिली," असं सांगायचे, जणू छत्री विसरली. पोरगी शिकली, आता ऑफिसात पंख्याखाली बसेल, एवढंच त्यांना हवं होतं. मी बसलेही. याच दुकानात, बिलं लिहायला. पण आमचा मेकॅनिक महिनाभर म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही, आणि दुरुस्तीला आलेल्या मशिनींचा ढीग माझ्या खुर्चीपर्यंत पोचला. एका दुपारी मी कंपनीचं माहितीपुस्तक समोर ठेवून एक ड्रिल उघडलं. मोटरमधले कार्बन झिजले होते. बदलले. चालू झालं. मालकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, बिलं काय, कोणीही लिहील."

बाबांना कळलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले. "शिकवली ती याच्यासाठी?" त्यानंतर त्या विषयावर शब्द नाही. ते तेव्हा माझ्याकडेच, बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे. रोज संध्याकाळी मी घरी आले की दारात उभे असायचे आणि माझे हात बघायचे. तोंड नाही, हात. दहा दिसली की आत जायचे.

ड्रिल, ग्राइंडर, रंधा, सगळं माझ्या हाताखालून गेलं. पण लिहायचं आहे ते एकाच हत्याराबद्दल. विजेवरची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलच्या चेनीसारखी एक चेन असते, तिला दात. ती एका लांब चपट्या पट्टीभोवती गरगर फिरते. पट्टीला आम्ही बार म्हणतो. मागे मोटर, वायर आणि मूठ. मुठीत दोन गोष्टी: बोटांखाली खटका आणि अंगठ्यापाशी एक छोटं सेफ्टी बटण. आधी अंगठ्याने बटण दाबायचं, मग खटका ओढायचा, तेव्हा चेन फिरते. खटका सोडला की थांबते. मुठीच्या पुढे हाताची ढाल असते, ती पुढे ढकलली की ब्रेक लागून चेन जागच्या जागी थांबते. बारचं टोक कशाला अडलं तर अख्खं मशीन उसळी मारून तोंडाकडे येतं. तेव्हा ही ढाल मनगटाला लागते आणि ब्रेक बसतो. बनवणाऱ्याने सगळा विचार केलेला आहे. पुढचा विचार आपले लोक करतात.

माझ्या टेबलावर काय काय आलं म्हणून सांगू! पिन तुटली म्हणून वायरीची उघडी टोकं सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. चेनीच्या तेलाच्या टाकीत भज्यांचं उरलेलं तेल. त्या मशिनीने दुकानभर असा वास सोडला की शेजारचा सोफेवाला विचारायला आला, आज काय आहे? एकाने ढाल आडवी येते म्हणून ती करवतीनेच कापून टाकली होती, आणि वर मला विचारत होता, "मॅडम, ब्रेक का लागत नाही?"

पण सगळ्यात घरोघरी दिसणारी गोष्ट म्हणजे ट्यूब. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापायची, मुठीला घट्ट गुंडाळायची. बटणही दाबलेलं, खटकाही दाबलेला. मशीन मग मुठीतून नाही, भिंतीवरच्या स्विचवरून चालतं. आठ-आठ तास खटका दाबून बोटं सुन्न होतात, ते खरं आहे. ट्यूब बांधली की बोटं मोकळी. आमच्या भागात याला "मशीन बांधून घेणं" म्हणतात, इतक्या सहजपणे, जणू परकर शिवून घ्यायचा आहे.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

जांभूळ गावचे किसन भोईर झाडांच्या फांद्या तोडायची कामं घ्यायचे. स्वतःचं मशीन, स्वतःची शिडी. शेती थोडी, ती भाऊ बघायचा. एकदा मोटर जळाली म्हणून ते मशीन घेऊन आले. मी मुठीवरची ट्यूब कापून काढली, वाइंडिंग करून आणलं, चेन साफ केली आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मुठीकडे पाहिलं.

"ताई, बांधलेलं व्हतं."

"ते काढलं मी. ते बरोबर नाही."

"आता कामावर चाललोय. गाडी उभी हाय. बांधून द्या ना तेवढं."

मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मी काळी इन्सुलेशन टेप घेतली आणि बांधून दिलं. माझं काम नीट असतं. ती टेप त्यांच्या ट्यूबपेक्षा कितीतरी पक्की बसली होती.

तीन आठवड्यांनी ते परत आले. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत बांधलेला. झालं होतं असं: बदलापूरला एका सोसायटीत फांदी तोडताना लाईट गेली. मशीन बंद पडलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि चेनीत अडकलेला भुसा काढायला हात घातला. लाईट आली. खटका बांधलेला, स्विच चालूच. त्यांनी मशीन काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, चेन जरा साफ करून द्या. घरच्यांना हात लावायला भ्या वाटतंय."

मुठीवर माझी टेप तशीच होती. एक कडही सुटली नव्हती.

त्या दिवशी घरी गेले तर बाबा दारात. माझी दहा बोटं त्यांनी पाहिली आणि आत गेले. मला वाटलं, यांना सांगावं की आज मोजायची ती बोटं माझी नव्हेत. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून टेबलाचा नियम झाला. बांधलेलं मशीन माझ्याकडून बाहेर जाणार नाही. ज्याचं मशीन त्याने माझ्यासमोर बटण दाबायचं, खटका ओढायचा, सोडायचा, ढाल ढकलून ब्रेक बघायचा, मगच न्यायचं. आणि मशीनला कसलाही हात लावण्याआधी पिन काढून डोळ्यासमोर ठेवायची. स्विच बंद केलाय हे चालणार नाही. स्विच कोणीही चालू करतं. बोर्डातून काढलेली पिन समोर दिसली पाहिजे. काही गिऱ्हाइकं गेली. मालक कुरकुरले. मी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "मी फिजिक्सवाली आहे. लाईट जाते आणि लाईट येते, एवढं मला कळतं."

किसनभाऊंचा हात बरा झाला, पण पहिल्यासारखी पकड आली नाही. झाडावर चढणं संपलं. त्यांना आनंदनगरला एका कारखान्यात काम मिळालं. लाकडी पॅलेट आणि पेट्या बनवायचा कारखाना. तिथे चौदा चेनसॉ होत्या, ओंडक्यांचे मापात ठोकळे पाडायला. या मशिनी आमच्याकडेच दुरुस्तीला यायच्या. महिन्याला दोन-तीन तरी जळलेल्या, आणि प्रत्येकीच्या मुठीवर ट्यूब. मी काढायची, ते पुन्हा बांधायचे. फक्त किसनभाऊ बांधत नव्हते.

एका सोमवारी ते दुकानात आले. हातात मशीन नव्हतं.

"ताई, माजी नोकरी चालली."

"का?"

"शेट बोलला, बाळारामचा माल बघ आनि तुजा बघ. येत्या शनवारी तेवढा माल नाय निघाला तर रविवारपास्नं येऊ नको." मग म्हणाले, "मोठी पोरगी अकरावीला हाय. ती बोलते, ताईंसारखी बीएश्शी करनार."

बाळाराम म्हात्रे म्हणजे तिथला सगळ्यात वेगवान कटर. चाळिशीचा, झुपकेदार मिशांचा, तोंडाने त्याच्या मशीनपेक्षा जोरात चालणारा.

"बांधून घेतलं तर तेवढा माल निघेल?" मी विचारलं.

"बांधनार नाय," ते म्हणाले. "पन मना सांगा, माजा माल कमी का?"

हा प्रश्न मला आवडला. मी त्यांना त्यांची चेन घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणली. दातावरून नख फिरवलं तर नख साधं खरवडलंही नाही. कारखान्यात चेनीला कोणी धारच लावत नव्हतं. तुटेपर्यंत वापरायची आणि नवी चढवायची. तेव्हा माझ्या डोक्यात सगळं सरळ झालं. हे लोक मशीन बांधतात कारण बोटं दुखतात. बोटं दुखतात कारण एकेक ठोकळा कापायला मिनिट-मिनिट लागतं. मिनिट लागतं कारण धार नाही. औषध ट्यूब नव्हतंच, कानस होतं.

आमच्याकडे कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. त्या शुक्रवारी मी दुकानातून अर्धा दिवस घेऊन जांभूळला किसनभाऊंच्या घरी गेले. ओटीवर पोतं अंथरलं. गोल कानस कशी धरायची ते दाखवलं. दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाब, मागे आणताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात. एकाला तीन तर सगळ्यांना तीन, नाहीतर चेन एका बाजूला ओढते. दातापुढे एक बुटका खुंट असतो, तो दाताने किती खोल घास घ्यायचा ते ठरवतो. हावरट लोक तो खुंट घासून टाकतात, घास मोठा व्हावा म्हणून. मग मशीन घासच घेत नाही, उसळी घेतं. खुंटाला उगाच हात लावायचा नाही.

चेन किती ताणायची तेही दाखवलं. मधोमध धरून ओढली तर थोडी उचलली पाहिजे आणि सोडल्यावर टपकन जागेवर बसली पाहिजे. आणि ताणायची ती थंड असताना. गरम चेन सैल पडते म्हणून तेव्हाच आवळली, तर थंड झाल्यावर आकसून बारला गळफास लावते.

किसनभाऊंची बायको मंदा चहा घेऊन आली, ती तिथेच बसली. "पन ताई, धार लागली ती कलनार कशी?"

मी किसनभाऊंचं जुनं मशीन जोडलं. आधी एका जुन्या कागदावर टोक धरून नुसतं फिरवलं. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे चेनीला तेल पोचतंय. मग परसातल्या ओंडक्यावर आधी जुनी चेन लावून कापलं, मग धार लावलेली. दोन्हीचा भुसा दोन मुठींत घेऊन तिच्यापुढे धरला.

"हे काय?"

"पीठ."

"आणि हे?"

"पोहे!" ती म्हणाली.

"बस. पोहे पडायला हवेत. पीठ पडायला लागलं की थांबायचं आणि कानस काढायची."

मंदा आत गेल्यावर मी किसनभाऊंना म्हटलं, "तेव्हा ती टेप मी बांधली होती."

"बांधायला मीच सांगितली व्हती."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

त्यांनी दोन दातांना कानस मारली. मग म्हणाले, "हां. तेवढं हाय." आणि पुढचा दात घेतला. मला बरं वाटेल असं काही ते बोलले नाहीत. अजूनही मी त्यांची त्यासाठी ऋणी आहे.

शनिवारी सकाळी मी आनंदनगरला हजर झाले. कारखान्याचे मालक टेकचंद सेठ, उल्हासनगरचेच. मला ते सिंधीत 'अदी' म्हणायचे, म्हणजे ताई.

"अदी, तुम यहाँ? दुकान बंद है क्या?"

"आपल्या चौदा मशिनी बघायला आलेय. सेठ, किसनभाऊ आणि बाळाराम, दोघांना समोरासमोर लावा. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सारखे ओंडके, सारखं माप. किसनभाऊ मशीन न बांधता कापणार. हरले तर तुम्ही म्हणाल ते. जिंकले तर चौदाही मशिनींची देखभाल माझ्या पद्धतीने होणार, आणि किसनभाऊ राहणार."

सेठ हसले. "अदी, वो बाळाराम है."

बाळाराम मिशीवर हात फिरवत म्हणाला, "ताई, जेवन करून आलाव ना? नाय तर उगाच उपाशी हराल."

"हरले तर किसनभाऊ हरतील. मी पोटभर खाऊन आलेय."

सुरुवात झाली. पहिल्या तासाला बाळाराम पुढे. त्याचं मशीन थांबतच नव्हतं. ओंडका सरकवतानाही हातात गरगरत होतं. किसनभाऊंचा प्रत्येक ठोकळा झरकन पडायचा, पण मग खटका सुटायचा, ओंडका सरकायचा, पुन्हा अंगठा, पुन्हा खटका. तासाभराने तर त्यांनी चक्क मशीन खाली ठेवलं, पिन काढली, चेन थंड होऊ दिली, ताण बघितला, तेल भरलं. सेठनी घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघितलं. बाळाराम ओरडला, "किसन, मालिश पन करून घे तिची!" सगळे हसले. मीही हसले, पण मनात ठोकळे मोजत होते. अकरावीतली ती पोरगी मी ओटीवर पाहिली होती, पुस्तकात डोकं घालून बसलेली.

दुसऱ्या तासाला बाळारामच्या बारखाली पीठ पडायला लागलं. रिकामं मशीन फिरत राहिल्याने तेलाची टाकीही केव्हाच संपली होती. बारमधून धूर. तो मशीनवर अंगाचा भार टाकून दाबायला लागला. किसनभाऊंच्या पायाशी मात्र पोह्यांचा ढीग. तीस ठोकळ्यांचं अंतर वीसवर आलं, मग दहावर. बाळाराम बोलायचा थांबला. आणि सहा ठोकळ्यांचं अंतर राहिलं असताना लाईट गेली.

शेडमध्ये एकदम शांत झालं. किसनभाऊंनी खटका सोडला, पिन काढून समोरच्या ओंडक्यावर ठेवली, खिशातून कानस काढली आणि दातांना हात मारायला बसले. बाळारामने मशीन ठोकळ्यांच्या थप्पीवर ठेवलं आणि तिथेच टेकून बसला, तंबाखू मळत. स्विच चालू. ट्यूब बांधलेली.

माझा हात त्याच्या पिनेकडे गेला होता. काढलीही असती. पण मनात आलं, आज मी काढेन, उद्या कोण काढणार?

"बाळारामदादा, उठा तिथून."

"का बरं?"

"उठा म्हणते ना. इकडे या, माझ्याजवळ. सगळे इकडे या. त्या थप्पीपासून दहा पावलांच्या आत कोणी थांबू नका. सेठ, तुम्हीपण." बाळाराम कपाळाला आठ्या घालत उठला. मी सगळ्यांना भिंतीकडे घेतलं आणि स्वतः भिंतीवरच्या स्विचला हात लावून उभी राहिले. "आता लाईट येऊ द्या."

"अदी, ये क्या नाटक है?"

"थांबा, सेठ."

दहा मिनिटं झाली असतील. कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी हसलं. आणि लाईट आली.

ते मशीन एकटंच जागं झालं. थप्पीवर थरथरत फिरलं, आपल्याच झटक्याने घसरलं, खाली पडलं, आणि पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम होता त्यात तोंड खुपसलं. बाळाराम बसला होता तिथून वीतभर अंतरावर. ड्रम फाटला, पाणी सगळीकडे. मी स्विच बंद केला, पिन काढली आणि पाण्यात भिजणार नाही अशी वर ठेवली.

बाळारामच्या हातातली तंबाखू मळायची राहिली होती. किसनभाऊंनी आपल्या डाव्या हाताची बाही वर केली आणि ती कोपरापासूनची खूण नुसती दाखवली. इतके दिवस ते पूर्ण बाहीचा शर्ट घालायचे. "माज्यावेलीपन असंच झालंता," ते म्हणाले. "लाईट आली."

सेठ खुर्चीवर बसले. त्यांनी फाटलेल्या ड्रमकडे पाहिलं. मग म्हणाले, "बस. खतम. किसन रहेगा. कैंची लाओ कोई."

"नाय सेठ," किसनभाऊ उठले. "अजून जेवायची सुट्टी नाय झाली. सहा ठोकले मागं हाय मी. तुमी दया केली असं नको. बाळारामला दुसरं मशीन द्या आनि मोजा."

मी तर मनातल्या मनात जिंकून मोकळी झाले होते!

बाळारामला दुसरं मशीन दिलं. त्याच्याही मुठीवर ट्यूब होती. त्याने स्वतः कात्री घेतली, ट्यूब कापली आणि अंगठ्याने बटण दाबून बघितलं. नव्या नवरीने उंबरठा ओलांडावा तसं, जरा लाजत. मग दोघं पुन्हा सुरू झाले. पण त्या दुसऱ्या मशिनीची चेनही बोथटच. आता दोघांची बटणं मोकळी, दोघं खटका सोडत होते, आणि फरक होता तो फक्त धारेचा. पाच मिनिटांत किसनभाऊ बरोबरीला आले. दहा मिनिटांत पुढे गेले. शेडमधली माणसं आता ओरडत होती, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडत होते ते सेठ. "किसन, चल! शाबास!" जेवणाची घंटा झाली तेव्हा खडूने मोजणी केली. किसनभाऊ एकोणीस ठोकळे पुढे.

बाळारामने मशीन खाली ठेवलं, पिन काढली, इकडेतिकडे बघून ती समोर ठेवली आणि किसनभाऊंकडे आला. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारणार.

"किसन," तो म्हणाला, "ती कानस मना पन शिकव. हात भरून आलाय माजा."

त्या दुपारी कात्री हातोहात फिरली. किसनभाऊंचं सोडून तेरा मशिनींच्या तेरा पट्ट्या टेबलावर पडल्या, मेलेल्या सापाच्या पिल्लांसारख्या. त्यातली एक मी पर्समध्ये टाकून घरी नेली. बाबा दारात होतेच. त्यांनी हात बघितले. मी ती पट्टी त्यांच्या तीन बोटांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, टेपचंसुद्धा. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"आमच्या करवतीला कसलं बटणच नव्हतं," ते म्हणाले. मग पट्टी परत देत, "याच्यासाठी शिकवली होय." तेच शब्द होते. सूर मात्र वेगळा होता.

त्यानंतर त्या कारखान्यातून जळलेलं मशीन येणं जवळजवळ थांबलं. आमच्या दुकानाचे मालक पुन्हा कुरकुरले, दुरुस्त्या कमी झाल्या म्हणून. त्यांना म्हटलं, फ्रेमकडे बघा. किसनभाऊ तिथे धार लावणारे झाले. सकाळी काम सुरू होण्याआधी प्रत्येकाने त्यांच्यासमोर उभं राहायचं. पिन काढून ताण बघायचा, हवेच्या झरोक्यातला भुसा ब्रशने झाडायचा. मग पिन जोडून कागदावर तेलाची रेघ, ढाल ढकलून ब्रेक, बटण मोकळं. हे झाल्याशिवाय ओंडक्याला हात नाही. त्यांची पोरगी पुढे उल्हासनगरच्या कॉलेजात गेली. फिजिक्स नाही घेतलं, केमिस्ट्री घेतलं. चूक प्रत्येकाच्या हातून होते.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात निरोप घ्यायला मी आनंदनगरला गेले होते. टेकचंद सेठ बाहेरून आलेल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत होते. सुटाबुटातला माणूस. सेठ रंगात होते. "देखिए, हमारे यहाँ सेफ्टी कैसी है," म्हणत त्यांनी एक चेनसॉ उचलली आणि चेन दाखवायला बोट पुढे केलं. वायर बोर्डात तशीच.

"ओ सेठ!"

अख्खी शेड थांबली. किसनभाऊ त्यांच्या स्टुलावरून उठलेही नव्हते. कानस हातात, चष्मा नाकावर.

"आधी पिन."

सेठनी एकदा गिऱ्हाइकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अदी," ते हळूच म्हणाले, "इसको तुमने बिगाड़ा है."

आणि मशीन खाली ठेवून ते स्वतः चालत बोर्डापाशी गेले, वाकले, पिन काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर आणून ठेवली.

किसनभाऊंनी चष्म्यावरून ती नीट बघितली. "हां," ते म्हणाले. "आता दाखवा पाहुन्यांना काय दाखवायचं ते."